डावा गाल, उजवा पाय

३ मार्च १९८३, गुरुवार

आज गंजगोलाईला दोन आणि कुंभारगल्लीला एक फेरी झाली. उद्या पहाटे नळाला पाणी येणार, भांडी तयार ठेवावीत, पाणी जपून वापरावे, अशी घोषणा होती. बापूसाहेबांच्या चिठ्ठीत "पाणीपूरवठा" असे होते. मी ते "पाणीपुरवठा" करून घेतले आणि मगच माईक हातात घेतला. ऐकणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही हे मला ठाऊक आहे. मला कळते.

बापूसाहेब नगरपालिकेत पाण्याचे काम बघतात. टांगा संगप्पाचा, बॅटरी आणि भोंगा संगप्पाचा, घोडी शेवंतीही त्याचीच. माझा फक्त आवाज. नववीतून शाळा सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते, तुझे उच्चार वाया जाऊ देऊ नकोस. गेले नाहीत. लातूर जिल्हा झाल्यापासून घोषणा वाढल्या आणि पावसाने दगा दिल्यापासून आणखी वाढल्या. दुष्काळावर पोट भरते असे म्हणायला बरे वाटत नाही, पण खोटे कशाला लिहू.

डावा कान ठणकत आहे. उन्हाने असेल.

५ मार्च, शनिवार

कानाच्या पाळीत आणि कानामागे बारीक पाणीदार फोड आले आहेत. आग होते. आईने बघितले आणि कपाळावर हात मारला. "नागीन हाय ही. चल सरजाबाईकडं."

मी म्हणालो, "आई, आपण हे सगळं सोडलंय ना? दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं म्हणतेस."

"आपन सोडलं. ती कुठं आपल्याला सोडायली?"

सरजाबाई कुंभारगल्लीत राहतात. गल्लीतल्या सगळ्यांची नागीण त्याच गेरूने रंगवतात. गेरू कालवून त्यांनी माझ्या कानावर, कानामागे आणि मानेवर जाड थर दिला, वर बोटाने वाघ काढला. वाघ मला दिसला नाही, आईने सांगितले चांगला आला आहे. नियम दोन. गेरू आपोआप गळेपर्यंत धुवायचा नाही. आणि तिचे नाव कुणापुढे घ्यायचे नाही, नाव घेतले की ती चवताळते. "ती" म्हणायचे.

वर मी नाव लिहिले आहे ते गेरू लावण्याआधीचे आहे. चालत असावे.

७ मार्च, सोमवार

सकाळी चूळ भरली तर पाणी डावीकडून गळून सदऱ्यावर आले. दोनदा तसेच झाले. टंचाईत दोन चुळा वाया. मग आरशात बघितले.

डावा गाल लोंबतो आहे. ओठाचा डावा कोपरा खाली आला आहे. डोळा मिटत नाही. मिटायला गेलो की बुबुळ वर पळते आणि पांढरे तेवढे दिसते. मी "पाणीपुरवठा" म्हणून बघितले. ओठ जुळत नाहीत, वारा निघून जातो. प नाही, ब नाही, म नाही.

आई रडली. शेजारचे म्हणाले लकवा आहे. मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे डॉ. सौदामिनी म्हणून बाई आहेत, बोलतात भरभर पण बघतात सावकाश. म्हणाल्या, "कपाळाला आठ्या घाला." उजवीकडे आठ्या पडल्या, डावीकडे कपाळ पाटीसारखे. "हात वर करा. चालून दाखवा." सगळे जमले. म्हणाल्या, "हा मेंदूतला झटका दिसत नाही. त्यात बहुतेक कपाळ हलतं. ही चेहऱ्याची नस आहे, कानामागून येते ती. कानावर काय लावलंय?"

"रंग आहे," मी म्हणालो.

"कसला रंग? खाली फोडबिड आहेत का?"

त्यांनी कापूस ओला करून पुढे केला तेव्हा माझा हात आपोआप कानावर गेला. त्या थांबल्या. "जबरदस्ती नाही. पण कान बघितल्याशिवाय नीट औषध देता येणार नाही, आणि यात सुरुवातीचे दिवसच महत्त्वाचे असतात. उद्या सकाळी धुवून या. उद्याच." डोळ्यात घालायला मलम दिले.

बाईंना सांगायला हवे होते का? सांगितले असते आणि ती आणखी चवताळली असती तर?

८ मार्च, मंगळवार

आज खूप लिहायचे आहे.

सकाळी आई कान धुऊ देईना. मलाही धीर होईना. शेवटी दोघेही सरजाबाईंकडे गेलो. मला वाटले त्या रागावतील. त्यांनी माझे तोंड हनुवटी धरून उजेडाकडे वळवले आणि नीट बघितले.

मग म्हणाल्या, "पार्वती, मी पाठीवरच्या लई बघितल्या. तोंड वाकडं करनारी न्हाई बघितली. डाक्तरीन धुवून ये म्हनली?"

"हाव," आई म्हणाली. "पन धुवायचं न्हाई म्हनलात तुमी."

"गेरू माजा, बोट माजं. माज्या हातानं पुसलं तर काय हुत न्हाई. बस बाबा."

नळ शुक्रवारी आला होता, आता बुधवारशिवाय नाही. सरजाबाईंच्या घागरीत तळालाच पाणी होते. त्यातले तांब्याभर घेऊन त्यांनी फडक्याने वाघ पुसला. पाणी खाली परातीत धरले आणि तुळशीला घातले. आमच्याबरोबर दवाखान्यातही आल्या.

डॉक्टरबाईंनी कानात बॅटरी मारून बघितले आणि सरळ म्हणाल्या, "ही तर नागीण."

आम्ही तिघांनीही श्वास धरला. काही झाले नाही.

मी विचारले, कुणाची लागली? मागच्या महिन्यात टांग्यात एका म्हाताऱ्याला बसवले होते, त्याच्या कमरेला होती. बाई म्हणाल्या, "कुणाची नाही. तुमचीच आहे. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

आईने सांगितले, पाच वर्षांचा असताना, अंगभर.

"तोच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो विषाणू अंगातून जात नाही. नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो. वर्षानुवर्षं. अंगातली राखण करणारी ताकद त्याला झोपवून ठेवते. कधी ती ढिली पडली की हा उठतो आणि नसेवरून चालत कातडीपर्यंत येतो. म्हणून फोड."

"पण तोंड का वाकडं झालं?" हे मी विचारले, प आणि व जमेल तसे.

बाईंनी विचारले काम काय करता. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला लगेच कळेल. अरुंद बोळात टँकर आला असं तुम्ही भोंग्यावरून सांगितलं तर काय होतं?"

मी म्हणालो, गर्दी. मागच्या महिन्यात तसेच झाले होते. घागरी घेऊन सगळा मोहल्ला बोळात शिरला आणि टँकरवालाच बाहेर येऊ शकेना.

"तसंच. ही नस हाडातल्या एका बारीक बोळातून चेहऱ्याकडे येते. विषाणू तिला इजा करतो हे एक. दुसरं म्हणजे त्याला मारायला तुमच्याच शरीरातल्या पेशी धावून येतात. माणसं चांगली, पण गर्दी फार. नस सुजते. हाडाची भिंत काही सरकत नाही. मग नस चेपते आणि मेंदूचा निरोप गालापर्यंत पोचत नाही. गाल बिघडलेला नाही. त्याला निरोप मिळत नाही एवढंच."

मला हे फार पटले. निरोप न पोचल्यावर काय होते ते माझ्याइतके कुणाला कळणार.

फोड नसतानाही असे तोंड वाकडे होते, म्हणाल्या. तिथेही विषाणूचाच संशय आहे, पण अजून खात्रीने सांगता येत नाही. विषाणूला थेट मारणारे औषध आपल्याकडे अजून मिळत नाही. सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या. जेवणानंतर घ्यायच्या, हळूहळू कमी करायच्या, मनाने एकदम सोडायच्या नाहीत. झोपताना डोळ्यावर पट्टी. फोड सुकेपर्यंत ज्या मुलांना कांजिण्या आल्या नाहीत त्यांच्यापासून लांब राहायचे, त्यांना यातून कांजिण्या होऊ शकतात.

"घोडीला?" मी विचारले.

"घोडीला नाही होत."

पूर्ण बरे होईल का, याला बाई म्हणाल्या, "नस थोडी जिवंत आहे, कोपरा किंचित हलतो. बरंच येईल. सगळं येईल असं वचन देत नाही." मग सरजाबाईंकडे वळल्या. "आजी, कानाजवळची किंवा डोळ्याजवळची आली तर गेरू लावायच्या आधी माझ्याकडे पाठवाल?"

"पाटवीन की. पन पाठीवरची माजीच."

बाई हसल्या.

९ मार्च, बुधवार

संगप्पाकडे गेलो. रात्री झोप नव्हती. भोंगा त्याचा आहे, तो कुणालाही माईक देऊ शकतो. बापूसाहेबांच्या ओळखीची पोरे बसून आहेत.

मी दारातूनच सांगितले की ओठाची अक्षरे येत नाहीत. संगप्पाने माझ्याकडे बघितले, शेवंतीकडे बघितले आणि म्हणाला, "येनप्पा, काय रे उद्धवा, तुझं तोंड गेलं आनी हिचा पाय गेला. जोडीच झाली की."

"काय झालं शेवंतीला?"

"मागचा उजवा. काल खड्ड्यात गेली. चांगली हुईपत्तोर टांगा बंद. भोंगा बंद. काय करनार?"

शेवंतीचा उजवा मागचा पाय मी वाकून बघितला. सूज दिसली नाही. आतून असेल.

मला वाईट वाटायला हवे होते, पण आधी बरे वाटले. घोडी अंगणात असेपर्यंत माईक दुसऱ्याकडे जाणार नाही. मुक्या जनावराच्या दुखण्यावर मी खूश झालो याची लाज वाटते म्हणून लिहून ठेवत आहे.

१२ मार्च, शनिवार

बापूसाहेब आले होते. संगप्पाच्या अंगणात उभे राहून म्हणाले, "संगप्पा, लातूर आता जिल्हा आहे. जिल्ह्याच्या गावात चार दिवस भोंगा बंद म्हणजे काय? दुसरी घोडी लावा, दुसरा माणूस लावा."

"सायब, दुसरी घोडी चाऱ्याबिगर मरायली. तुमी चारा देता का जिल्ह्याचा?"

"मग भोंगा तरी द्या. सायकलरिक्षावर बांधू."

"बॅटरीचं पानी आटलं सायब. टंचाई हाय."

बापूसाहेबांना हसू आवरले नाही. मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. घोषणा फळ्यावर लिहीत जा, चौकाचौकात. तोवर."

"तोवर" हा शब्द ते म्हणाले. मी नीट ऐकला.

१७ मार्च, गुरुवार

रोज सात फळे लिहितो. शुद्ध आणि ठळक. बॅटरीत पाणी घालू का म्हणून संगप्पाला दोनदा विचारले. म्हणाला ते पाणी वेगळे असते, राहू दे.

एक अडचण अशी की डाव्या कानाला सगळे मोठे ऐकू येते. भांडे पडले तरी आत कळ जाते. जिभेच्या अर्ध्या भागाला चव नाही. बाई म्हणाल्या हेही त्याच नसेचे काम, कानातला एक बारीक स्नायू तीच आवरून धरते. भोंगेवाल्याला आवाज सोसत नाही, हे संगप्पाला सांगितले तर पोट धरून हसला. हसण्याचाही आवाज मोठा आला.

घास डाव्या गालात अडकतो, बोटाने काढावा लागतो. मी भिंतीकडे तोंड करून जेवत होतो. आईने आज ताटच फिरवून ठेवले. "हिकडं तोंड कर. ह्या तोंडाला मीच पहिला घास घातलाय."

२६ मार्च, शनिवार

अर्धापूरहून मामा आले. केळीचा घड आणला. यंदा विहिरींना पाणी नाही, फण्या बारीक आहेत, पण गोड आहेत. म्हणजे उजवीकडून गोड आहेत. केळ अडकत नाही, चघळावे लागत नाही. मला फार आवडले.

साली शेवंतीला नेल्या. मनात आलेल्या त्या विचाराची भरपाई म्हणून. मी फाटकातून दिसताच ती अंगणाच्या त्या टोकाकडून दुडकत आली. चारही पाय टाकत. सालीच्या वासाने जनावर दुखणे विसरते हे मला आजच कळले. संगप्पा घाईने तिला "बा, बा" करत मागे घेऊन गेला आणि म्हणाला, "लई पळवू नको, पाय हाय तिचा."

आई म्हणते सकाळी तिने संगप्पाला स्टेशनावर सवाऱ्या घेऊन जाताना बघितले. दुसरा कुणी असेल. भुरकट घोड्या गावात बऱ्याच आहेत.

२ एप्रिल, शनिवार

आज वाईट वाटले. सरजाबाईंचे पाणी चुकले. त्यांच्या गल्लीचे पाणी दुपारी सोडले होते, मी फळ्यावर लिहिले होते, अक्षर हातभर मोठे. पण सरजाबाईंना वाचता येत नाही आणि त्या वेळी गल्लीत सांगणारे कुणी नव्हते. घागर रिकामी राहिली.

आमच्या रांजणातून दोन घागरी आईने नेऊन दिल्या. सरजाबाई मला म्हणाल्या, "तुज्या फळ्याला आवाज न्हाई रे बाबा. कसलं का वाकडं बोलंना, तू बोलत जा. आमाला कळतंय."

मी म्हणालो, अशुद्ध बोलणे मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "मंग बस शुद्ध, पान्याबिगर तानलेला." मी यावर विचार करत आहे.

९ एप्रिल, शनिवार

ओठाचा डावा कोपरा हलला. आईला दाखवले. तिला दिसले नाही. संगप्पाला दाखवले. म्हणाला, "दिसतंय की. फुडच्या आठवड्यात शीळ मारशील." शेवंतीचा पाय कसा आहे विचारले. "तिचं बी तसंच हाय. थोडं थोडं."

गोळ्या संपल्या. फोड केव्हाच सुकले. बाईंनी आरशासमोर करायचे व्यायाम दिले. गाल फुगवणे, ओठांचा चंबू, सावकाश, जोर न लावता. मीच जास्त जोर लावतो म्हणून रागावल्या.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. दर वर्षी मिरवणुकीत माईक माझ्याकडे असतो. यंदा दुसऱ्या मुलाने घेतला. चांगला बोलला, "अभिवादन" मात्र चुकला.

मी कडेने चालत होतो. सगळे भेटत होते, जय भीम घालत होते. मी नुसते हात जोडत होतो, कारण त्यात भ आहे आणि म आहे आणि तेच दोन अर्धवट म्हणायचे मला पटत नव्हते. चौकात एका म्हाताऱ्या बाईने माझे जोडलेले हात धरून ठेवले. उत्तर मिळाल्याशिवाय सोडीनात. मी बोटाने ओठाचा कोपरा वर धरला आणि म्हणालो. ओठ जुळले. भ आला. म सुद्धा आला.

घरी येईपर्यंत मी जो भेटेल त्याला आपण होऊन जय भीम घालत होतो. बोट ओठावर ठेवून. लोक काय म्हणाले असतील ते असोत.

२३ एप्रिल, शनिवार

बोटाशिवाय ब. डोळा जवळजवळ मिटतो. कांद्याची चव दोन्ही बाजूंना.

बापूसाहेब पुन्हा आले होते. या महिनाअखेर भोंगा सुरू झाला नाही तर उदगीरकडचा एक भोंगेवाला ठरवणार, त्याच्याकडे स्वतःची गाडी आहे आणि बोलणारा पण त्याचाच. संगप्पा म्हणाला, "घोडीला विचारून सांगतो."

आता घोडी माझ्याआधी बरी झाली तरी मी गेलो, आणि नाही झाली तरी दोघेही गेलो. संगप्पाला मी म्हणालो, शेवंती बरी असेल तर तू माझ्यासाठी थांबू नको, दुसऱ्याला घे, तुझे पोट आहे. तो तिची मान खाजवत राहिला. "ती अजून न्हाई म्हनते."

२७ एप्रिल, बुधवार

आज बसून प म्हणत होतो. मिशीपुढे कागदाचा तुकडा धरायचा, प म्हटले की तो हलला पाहिजे. हलला. मी लगेच संगप्पाकडे गेलो आणि एकच शब्द म्हणून दाखवला. पाणीपुरवठा. प थोडा ओला आला, पण प होता.

संगप्पा उठला. टांगा बाहेर काढला, शेवंतीला जुंपले. मी म्हणालो, "अरे, पाय?"

"आज सकाळीच चांगला झाला बग तिचा."

योगायोग फार चांगला जमला.

२८ एप्रिल, गुरुवार

आज घोषणा केली. भोंग्याचा आवाज कानाला जड गेला, पण सोसला. गंजगोलाई, मग कुंभारगल्ली. प्रत्येक वाक्य सावकाश, श्वास घेऊन. "पहाटे" चांगला आला. "भांडी" बरा आला. दोन पोरे चिडवत मागे पळाली, संगप्पाने चाबूक हवेत उडवला तेव्हा थांबली.

सरजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. घोषणा संपली तरी आत जाईनात. "पुन्हा एकदा म्हन की," म्हणाल्या. मी विचारले, कळले नाही का? "कळलं. पुन्हा म्हन." मी पुन्हा म्हणालो. त्यांनी घागर उचलून मला दाखवली.

बापूसाहेबांनी नगरपालिकेच्या पायरीवरून ऐकले. "चाललंय," म्हणाले. हसलो तर तोंड अजून उजवीकडे ओढले जाते. तसेच राहील कदाचित. मला चालेल.

परतताना मी संगप्पाला म्हणालो, शेवंतीला जास्त पळवू नको, कोणता पाय होता तो जपून टाकू दे. त्याने चाबकाने दाखवला. "ह्यो. मागचा डावा."

मी घरी येऊन ९ मार्चचे पान उघडले. तिथे दोन ठिकाणी मी "उजवा" लिहून ठेवले आहे. त्या दिवशी झोप झालेली नव्हती आणि डाव्या डोळ्याला धड दिसत नव्हते, त्यामुळे लिहिताना चूक झाली असणार. दोन्ही ठिकाणी बारीक रेघ मारून वर "डावा" असे दुरुस्त केले.